चिपीचं विमान बंद केलंत, आता प्रवाशांना दोष देऊ नका

मुंबई ते सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापर्यंतचं विमान बंद झालं. 2024 च्या ऐन दिवाळीच्या तोंडावर. छोट्या शहरांना सवलतीच्या भाड्यात विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेतली तीन वर्षं भरली, सरकारकडून मिळणारी भरपाई थांबली आणि सेवाही थांबली. त्यावर तेव्हापासून तिसऱ्यांदा तेच ऐकतेय: ‘पॅसेंजरच नसतील तर विमान कसं चालणार?’ हे ऐकून डोक्यात तिडीक गेली, म्हणून लिहितेय.

पॅसेंजर होते. मी होते. माझे बाबा होते. त्या विमानाचा भरवसा नव्हता.

बाबा 74 वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. दर सहा महिन्यांनी मुंबईत डॉक्टरांना दाखवावं लागतं. आमचं गाव मालवण तालुक्यात, रिक्षाने चिपी पाऊण तासावर. विमानतळ झाला तेव्हा मला सगळ्यात आधी बाबाच आठवले. रात्रभर गाडीत बसणं नाही, स्टेशनचे जिने नाहीत, सव्वा-दीड तासात मुंबई. 2024 च्या जुलैत त्यांना आणायला मी स्वतः मुंबईहून गावी गेले. सोमवारी दुपारचं विमान, मंगळवारी सकाळी दहाची अपॉइंटमेंट.

सोमवारी बाबा आठ वाजताच तयार होऊन पडवीत बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात आधार कार्ड, मांडीवर रिपोर्टांची फाईल, पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. आईने वाटेत खायला घावणे बांधून दिले. आम्ही विमानतळाजवळच्या परुळ्यापर्यंत पोचलो आणि मोबाईल वाजला. विमान रद्द. ‘ऑपरेशनल कारणास्तव.’ दोन ओळींचा मेसेज.

कंपनीच्या नंबरवर 40 मिनिटं फोन लावत होते. आधी गाणं वाजलं, मग फोन कट. पुन्हा गाणं, पुन्हा कट. शेवटी एक मुलगी बोलली. पैसे परत घ्या नाहीतर तारीख बदला, म्हणाली. उद्याचं द्या म्हटलं, तर उद्याचं भरलंय. परवाचं? परवाही भरलंय. मग ते ‘पॅसेंजर नाहीत’वाले लोक कुठल्या विमानाबद्दल बोलतात?

बाबा रिक्षात गप्प बसून होते. मग म्हणाले, ‘‘ऱ्हवांदे गो बाय. आपण रेल्वेन जाव्या.’’

तात्काळ तिकिटं आदल्या दिवशीच संपलेली. कुडाळहून संध्याकाळची कोकणकन्या पकडली, जनरलचं तिकीट काढून स्लीपरमध्ये चढलो, टीसीला दंड भरला. एका कुटुंबाने सरकून बाबांना खालच्या बर्थच्या कडेला जागा दिली. रत्नागिरी गेली, चिपळूण गेलं, खेड गेलं, बाबा फाईल पोटाशी धरून ताठ बसलेले. मी दाराजवळ पेपर टाकून बसले. दर थोड्या वेळाने उठून त्यांचा चेहरा बघून येत होते. पनवेल आलं तेव्हा त्यांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘एवढा प्रवास कशाला केला?’’ काय सांगणार त्यांना?

तिकिटाचे पैसे परत आले, तीन आठवड्यांनी. दंडाचे, रिक्षाचे आणि बाबांच्या त्या रात्रीचे पैसे कोण देणार?

आणि हे एकदाच घडलेलं नाही. आमच्या वाडीतल्या कुणालाही विचारा. पावसाळ्यात ढग खाली आले की धावपट्टी दिसत नाही, मग विमान येत नाही. खराब हवेत विमान खाली उतरवायला मदत करणारी यंत्रणा असते, ती तिथे नव्हती. रात्री उतरायची सोय नव्हती. म्हणजे उशीर झाला की त्या दिवसाचं विमान गेलंच. कोकणात विमानतळ बांधताय, तर इथे जून ते सप्टेंबर पाऊस पडतो हे माहीत नव्हतं? कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, 2,500 मीटरची धावपट्टी करता आली, मग पावसात विमान उतरवायची व्यवस्था का नाही झाली?

उद्घाटनांना मात्र कधी वेळ कमी पडला नाही. 2018 ला गणपतीच्या तोंडावर चाचणीचं विमान उतरवलं, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मार्च 2019 मध्ये टर्मिनलचं उद्घाटन झालं, विमान नाहीच. 9 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा उद्घाटन, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे एकाच मंचावर. सगळ्या महाराष्ट्राने त्या दोघांच्या श्रेयावरून रंगलेल्या भाषणांची चर्चा केली. त्या दिवशी आमच्या घरी टीव्हीसमोर दहा माणसं होती. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. आपल्या सड्यावर विमान उतरलं, याचं त्यांना केवढं वाटलं होतं! त्या दहा माणसांना श्रेय कुणाचं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. उद्या विमान येणार का, एवढंच हवं होतं.

‘उडान’चा हिशेब साधा आहे. साधारण निम्म्या जागा ठरावीक सवलतीच्या भाड्यात विकायच्या आणि त्यात जो तोटा होईल तो तीन वर्षं सरकारने भरून द्यायचा. तेवढ्या काळात लोकांना विमानाची सवय लागावी आणि पुढे सेवा स्वतःच्या पायावर उभी राहावी, ही कल्पना. कल्पना चांगलीच आहे. पण सवय लागायला विमान यायला नको? आठवड्यात दोनदा रद्द होणाऱ्या विमानाची सवय कोण लावून घेईल? लोक एकदा फसतात, दोनदा फसतात, तिसऱ्यांदा रेल्वेचं तिकीट काढतात. मग जागा रिकाम्या दिसतात, आणि त्या रिकाम्या जागा दाखवून आम्हालाच सांगतात की तुम्ही येत नाही. हा शुद्ध अन्याय आहे.

आणि तीन वर्षं संपणार हे कुणाला आदल्या रात्री कळलं का? 2021 ला सुरू झालेली मुदत 2024 ला संपते, हे शाळेतलं पोरही सांगेल. केंद्राची मुदत संपल्यावर राज्याने काही भार उचलायचा, की दुसऱ्या कंपनीला बोलवायचं, की मुंबईत सोयीची वेळ मागून घ्यायची, हे ठरवायला वर्षभर हातात होतं. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, तिथे छोट्या विमानाला चांगली वेळ मिळणं कठीण आहे, हे मला समजतं. पण त्यासाठी भांडायचं कुणी? बाबांनी?

पुण्याहून ऑगस्टच्या अखेरीस विमान सुरू झालं, बेंगळुरू आणि हैदराबादही जोडलं गेलं. चांगलं झालं, मनापासून आनंद आहे. पण सिंधुदुर्गातलं घरटी एक माणूस मुंबईत आहे. परळ, लालबाग, भांडुप, डोंबिवली, विरार. आमचं दुखणं, लग्न, बारावं, गणपती, सगळं या दोन टोकांच्या मध्ये चालतं. मुंबईपासून गोव्यातल्या मोपा विमानतळापर्यंतच्या अख्ख्या किनाऱ्यावर प्रवासी विमान उतरणारं ठिकाण तेव्हा एकच होतं, चिपी. तिथून मुंबईलाच विमान नसेल तर ते कुणासाठी बांधलं?

‘मोपा आहे ना’ म्हणणाऱ्यांना पण सांगते. मोपा गोव्यात आहे. जानेवारी 2023 पासून तिथे विमानं चालू झाली, दिवसरात्र उतरतात, वेळेवर येतात. बांदा, सावंतवाडीच्या लोकांना ते जवळ पडतं, त्यांनी जरूर जावं. आम्हाला मालवणहून तिथे पोचायला दोन तास आणि गाडीवाल्याला साडेतीन हजार. उतारवयातल्या माणसाला आधी दोन तास गाडीत हलवायचं, मग विमानात बसवायचं, आणि आपल्या घरापासून पाऊण तासावरचा विमानतळ तसाच सोडून द्यायचा. हा पर्याय नव्हे, ही आमची अडचण आहे.

रेल्वेचं तर बोलायलाच नको. गणपतीची तिकिटं खिडकी उघडल्या उघडल्या संपतात. मुंबई–गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय आणि अजून रायगड-रत्नागिरीत खड्डे चुकवतच जावं लागतं. तिन्ही वाटांवर आमचीच परीक्षा.

त्या दिवाळीला बाबांना इकडे मुंबईत आणायचं ठरलं होतं. नातवाची पहिली दिवाळी. विमानाचं तिकीट बघायला गेले तर मुंबई–सिंधुदुर्ग टाकल्यावर पानावर काहीच आलं नाही. रेल्वेत वेटिंग 180. शेवटी बाबांना फोन केला, म्हटलं गाडी करून मोप्याला जाल का? ते म्हणाले, ‘‘नको गो. मी हयसरच बरो आसंय. तुमी शिमग्याक येवा.’’