दीड एसबीयूने जेवायला येतो

फुकट आणि तयार मिळणारी वस्तू स्वतः राबून बनवणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी सध्या मंगळवार पेठेतल्या आमच्याच घरात अनुभवतो आहे. लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम डाउनलोड करून पेनड्राइव्हवर चुटकीसरशी उतरवता येते, हे शेजारच्या पोराने आबांना सांगून ठेवले होते. त्यामुळे मी तीच सिस्टिम सोर्स कोडपासून, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ मजकुरापासून, एकेक पॅकेज कम्पाइल करत (यंत्राच्या भाषेत उतरवत), पोर्टेबल एसएसडीवर उभारतो आहे म्हटल्यावर, "तयार मिळतंय की! मग ह्यो उद्योग कशापायी?" एवढे विचारून, उत्तराची वाट न पाहता ते गंगावेशीतल्या दूध कट्ट्याकडे चालू लागले.

या उद्योगाची पोथी म्हणजे जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच'. तीत वेळ मिनिटांत दिलेला नाही. प्रत्येकाचे यंत्र निराळे, म्हणून बायनयूटिल्स हे पहिले पॅकेज आपल्या यंत्राच्या एका कोअरवर बांधायला लागेल तो वेळ म्हणजे एक एसबीयू (स्टँडर्ड बिल्ड युनिट), आणि पुढचा सगळा हिशेब त्यातच करायचा. पद्धत न्यायाची असली तरी प्रपंचात चालत नाही. रविवारी आईने जेवायला कधी येतोस म्हणून विचारले, तेव्हा माझ्या तोंडून "दीड एसबीयूने" असे गेले, आणि त्यानंतर पांढरा रस्सा मला गार मिळाला.

सगळ्यात लांबण जीसीसीची, म्हणजे कम्पाइलरची. कम्पाइलर बांधायलाही कम्पाइलर लागतो, आणि जुन्या सिस्टिमचा स्पर्श नवीला होऊ नये म्हणून कडक सोवळे पाळावे लागते: आधी जुन्या कम्पाइलरने क्रॉस-कम्पाइलर (नव्या सिस्टिमसाठी बांधणारा), त्याने ग्लिबसी ही पायाभूत लायब्ररी आणि तात्पुरती हत्यारे, मग दुसरा जीसीसी, आणि क्रूट करून बाहेरच्या फाइलींशी संबंध तोडल्यावर तिसरा, कायमचा. चाचण्यांसकट या तिसऱ्याचा अंदाज चाळीस एसबीयूंच्या पुढे जातो. वर, नवख्यांनी चाचण्या जरूर चालवाव्यात, असा सल्ला. तेवढा वेळ लॅपटॉपचा पंखा अशा काही आवेशात घोंघावत होता की आईने दोनदा मिक्सर बंद आहे ना, हे पाहिले.

कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, तऱ्हा वेगळीच. तो इतक्या तातडीने उठतो की यूएसबीवरची डिस्क अजून ओळखलीही गेलेली नसते, आणि रूट (सिस्टिमच्या फाइली असलेला भाग) सापडत नाही म्हटल्यावर क्षणाचीही वाट न पाहता तो 'कर्नल पॅनिक' जाहीर करतो. म्हणून बूटच्या ओळीत 'रूटवेट' लिहून त्याला थांबायला सांगावे लागते. शिवाय यूएसबीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच बसवावे लागतात. मॉड्यूल म्हणून सुटे ठेवले, तर ते नेमके त्याच डिस्कवर राहतात जी वाचायला त्यांची गरज असते. (इनिट्रॅमएफएस या, आधी मेमरीत चढणाऱ्या तात्पुरत्या फाइल-सिस्टिमने हे टळते, पण तो आणखी एक अध्याय.) आणि एका यंत्रावर 'एसडीए' असणारी डिस्क दुसऱ्यावर 'एसडीबी' होते, म्हणून तिला नावाने न हाकारता पार्टयूयूआयडीने, म्हणजे पार्टिशनच्या कायम क्रमांकाने, ओळखायचे.

अखेर काळ्या पडद्यावर 'लॉगिन' उमटले. मी आबांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून पडदा निरखला.

"झालं म्हणतोस? मग लाईट बिल भरून दाखीव. ह्या महिन्यात तूच वाढवलंयस."

ब्राउझर, आणि तो दिसण्यासाठी लागणारे ग्राफिक्स, 'बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' या कितीतरी जाड पोथीत आहेत, हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले.

"सोमवारी शेवटची तारीख हाय," आबा म्हणाले, "बसतंय न्हवं तुझ्या एसबीयूत?"