सरासरीतला फरक आणि एकट्या रुग्णाचे निदान

द्विध्रुवी विकारात (उन्माद आणि नैराश्य यांच्या लाटा आणणाऱ्या मानसिक आजारात) मेंदूतला भावनांशी निगडित भाग अमिग्डाला आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग यांच्यातील जोडणी वेगळी दिसते, हे मेंदूच्या स्कॅनविषयीच्या एका लेखातले विधान योग्य असले, तरी ते गटांच्या सरासरीचे आहे, एकट्या रुग्णाच्या निदानाचे नव्हे, हे ठळकपणे यायला हवे होते. अशी जोडणी मोजणारे एफएमआरआय हे मेंदूचे स्कॅन चेतापेशींचे संदेश थेट टिपत नाही; सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलेल्या, रक्तातील ऑक्सिजनच्या बदलामुळे उमटणाऱ्या संकेतावर ते विसंबते, आणि यंत्रात पडलेल्याचे डोके मिलिमीटरभर हलले तरी जोडणीचे आकडे बिघडतात. (उन्मादावस्थेतील माणसाने निश्चल पडून राहावे, ही अपेक्षाच अवघड!) शिवाय अनेक सहभागी लिथियमसारखी औषधे घेत असतात, त्यामुळे फरक आजाराचा की औषधाचा, हे एका स्कॅनवरून ठरत नाही.