बल्ब बंद करायला ओटीपी

रात्री अडीच वाजता लाईट गेली आणि दोन मिनिटांत परत आली. एवढंच झालं. एरवी कुणाला कळलंही नसतं. पण माझ्या बेडरूममध्ये स्मार्ट बल्ब आहे ना, हुशार बल्ब, तो मी झोपताना रीतसर ॲपवरून बंद केलेला, आणि लाईट आल्या आल्या हा पठ्ठ्या शंभर टक्के उजेडात, पांढराफटक, ऑपरेशन थिएटरसारखा भक्कन पेटला. का? तर मघाशी आपण बंद होतो हे त्याच्या लक्षातच राहत नाही. एक कोटी साठ लाख रंग दाखवतो म्हणे. बंद होतो एवढं मात्र आठवत नाही.

उशीखालून फोन काढला, ॲप उघडलं. 'तुमचं सेशन संपलं आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा.' अरे कसलं सेशन? बँक आहे का ही? चोर येऊन माझा बल्ब लावून जाईल अशी भीती आहे का कुणाला? पासवर्ड टाकला, चूक. दुसरा टाकला, चूक, तो बहुतेक वॉशिंग मशीनचा होता (हो, वॉशिंग मशीनलापण पासवर्ड आहे, त्यावर येतेच). मग 'पासवर्ड विसरलात?' वर गेले तर ओटीपी ईमेलवर, आणि राउटर अजून उठतोय, एकेक दिवा लावत निवांत आळोखेपिळोखे देतोय, मग मोबाईल डेटा चालू केला, ओटीपी आला तोपर्यंत त्याची मुदत संपलेली, परत मागवला, आणि मग आलं ते, ट्रॅफिक सिग्नल असलेले चौकोन निवडा. रात्री अडीच वाजता. एक डोळा मिटून, कारण वर तो सूर्य. मी माणूस आहे हे मी कुणाला पटवून देतेय? बल्बला! आणि त्या सिग्नलच्या खांबाचं टोक शेजारच्या चौकोनात गेलं असेल तर तो चौकोन धरायचा की नाही हे आजवर कुणाला कळलंय का, मला तरी नाही, मी धरला, चुकलं, मग सायकली आल्या.

झालं, आत शिरले. तर अटी आणि शर्ती बदलल्यात म्हणे. शेवटपर्यंत खाली गेल्याशिवाय 'मान्य' उजळतच नाही. मान्य. मग लोकेशन द्या. अरे बाबा मी त्याच्या बरोबर खाली आडवी पडलेय, अजून काय लोकेशन देऊ? दिलं. मग 'नवीन काय आहे' अशी चार रंगीत पानं, त्यात एक बाई सोफ्यावर बसून जांभळ्या उजेडात हसतेय. ती पानं सरकवली आणि शेवटी एकदाचं बेडरूम दिसलं, आणि बल्बाच्या चित्रासमोर करड्या अक्षरात काय, तर 'डिव्हाइस ऑफलाईन'.

ऑफलाईन! डोक्यावर ढणढण जळतोय, माझी सावली पडलीये गादीवर, आणि हे मला सांगतायत तो नाहीये.

मग बोललेलं ऐकणाऱ्या स्मार्ट स्पीकरला सांगून पाहिलं. हळू आवाजात, कारण नवरा झोपलेला (त्या उजेडातसुद्धा घोरत होता, त्या माणसावर वेगळं लिहावं लागेल). कुजबुजून म्हटलं बेडरूम लाईट बंद कर. तर ती बया खणखणीत आवाजात, 'माफ करा, बेडरूम लाईट प्रतिसाद देत नाहीये, कृपया इंटरनेट जोडणी तपासा.' मी 'गप' म्हटलं तर 'मला ते समजलं नाही.' या सगळ्या गोंधळाने पलीकडच्या खोलीतून आई उठून आली.

"काय चाललंय गं?"

"अगं बल्ब बंद होत नाहीये."

"मग भिंतीवरचं बटण दाब की."

आता इथे मला थोडं खाली मान घालून लिहावं लागणार. कारण भिंतीवरच्या बटणावर सेलोटेप होती. आणि ती मीच लावलेली. एक आडवी, एक उभी, परत एक आडवी, आणि वर मार्करने 'हात लावू नये'. कारण कुणी बटण बंद केलं की बल्ब ऑफलाईन जातो, मग शेड्यूल बोंबलतं, मग मी घरच्यांना बल्ब कसा वापरायचा यावर भाषण देते. दिलंय, दोनदा. एकदा पाहुण्यांसमोर. आईने नखाने टेपचं टोक उचललं, सर्रकन सोललं, टक्, अंधार. "झोप आता" म्हणाली आणि गेली. तिला लागले पाच सेकंद. मला सतरा मिनिटं, फोनवर बघितलं मी.

झोप कसली येतेय त्यानंतर. अंधारात पडल्यापडल्या हिशोब करत बसले, रागात माझं गणित चांगलं चालतं. बल्ब नऊ वॉटचा. आमच्याकडे तो दिवसाला फार तर दोन तास लागतो, म्हणजे वर्षाला साडेसहा युनिटं झाली उजेडाची. आणि खोक्यावर एकदम बारीक अक्षरात लिहिलंय, स्टँडबाय ०.५ वॉट. म्हणजे उरलेले बावीस तास हा अंधारात कान टवकारून बसतो की बाईसाहेबांचा हुकूम कधी येतो, आणि त्या नुसत्या वाट बघण्याची वर्षाला चार युनिटं! उजेडाला साडेसहा आणि वाट बघायला चार. फार नाहीत चार युनिटं, मला कळतंय, चार युनिटांनी कुणाचं घर बुडत नाही. पण मी हा वीज वाचवायला म्हणून घेतला होता हो. भिंतीवरचं बटण बंद असताना किती खातं? काही नाही. शंभर वर्षं ते बिचारं काही न खाता बसलंय आणि मी त्याच्या तोंडाला टेप लावली.

वर हेच ॲप दर महिन्याला हिरवं पान दाखवून अभिनंदन करतं, तुम्ही पृथ्वीला हातभार लावलात. एक तर असं लहान मुलाला चांदणी दिल्यासारखं कुणी माझं कौतुक केलं की माझ्या डोक्यात जातं. आणि वीज वाचवायचं काय सगळं आमच्याच गळ्यात आहे का? आम्ही टीव्हीचा लाल ठिपका विझवत फिरायचं, चार्जर भिंतीतून काढून ठेवायचा, आणि तिकडे जगातल्या डेटा सेंटरांनी, म्हणजे इंटरनेटच्या सर्व्हरांनी खचाखच भरलेल्या इमारतींनी, २०२४ मध्ये साधारण ४१५ टेरावॉट-तास वीज खाल्ली (एक टेरावॉट-तास म्हणजे शंभर कोटी युनिटं), जगाच्या एकूण वीजवापराच्या दीड टक्का, आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे की २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या आसपास जाईल, म्हणजे दुपटीच्या वर. आता त्यातली सगळी वीज काही फुकट जात नसणार, माझे फोटोही तिथेच कुठेतरी पडलेत. पण परवा मला कुणीतरी तीन ओळींचं ईमेल पाठवलं आणि त्याच्यावर आपोआप चार ओळींचा सारांश आला. चार ओळींचा! मागितला होता का मी? आणि ते एआयचं चमचमणारं बटण आता कुठे कुठे घुसलंय, कीबोर्डात, गॅलरीत, नोट्समध्ये, बंद करायला गेलं तर सेटिंगमध्ये सात पायऱ्या खाली, आणि पुढच्या अपडेटला परत हजर.

बरं, या बल्बाची अक्कल बल्बात नाहीच. ती कुठल्यातरी सर्व्हरवर. माझ्यापासून दोन हातांवरचा दिवा विझवायचा हुकूम आधी माझ्या फोनमधून समुद्रापार जाणार, तिथे त्याची कागदपत्रं तपासली जाणार, आणि मग परत माझ्याच खोलीत येणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त उंटही भाड्याचा. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या क्लाउडचा, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरांचा, अमेरिकेत व्हर्जिनियातला भाग आडवा झाला तेव्हा तिकडे लोकांचे स्मार्ट पलंग बिघडले, कुणाचा तापून बसला, कुणाचा डोक्याकडून उचललेलाच अडकला. पलंग! तेव्हा मी ती बातमी वाचून खूप हसले होते. नवऱ्याला पाठवली होती, हसण्याच्या तीन बाहुल्या लावून. फिटलं.

आणि खोक्यावर आयुष्य किती लिहिलंय माहितीये? २५,००० तास. दिवसाला दोन तास धरले तर चौतीस वर्षं. चौतीस वर्षं हे ॲप चालणार आहे? माझा फोन पाच वर्षांचा झाला तर 'तुमच्या डिव्हाइसवर हे ॲप चालणार नाही' येतं. गूगलच्या नेस्टने २०१६ च्या मे महिन्यात रिव्हॉल्व्ह नावाच्या होम हबचा, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणाऱ्या डब्याचा, सर्व्हरच बंद केला, लोकांच्या घरातला चांगला चालता डबा एका दिवसात पेपरवेट झाला. १९२४ साली बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात बसून फीबस नावाचं कार्टेल, म्हणजे आपापसात साटंलोटं, केलं होतं, बल्ब हजार तासांच्या वर टिकता कामा नये, ज्याचा टिकेल त्या कंपनीला दंड. चोरच होते, पण कष्टाळू चोर, बल्ब लवकर जावा म्हणून डोकं लावून, प्रयोग करून, मोजून बघत होते. आता तेवढीही मेहनत नको, सर्व्हर बंद केला की झालं, आणि वर ईमेल पाठवायचं, 'आमच्या प्रवासात साथ दिल्याबद्दल आभार'. कसला प्रवास? मी बल्ब घेतला होता!

आता वॉशिंग मशीन. मशीनला वायफाय आहे. मी कुठूनही ते चालू करू शकते. पण कपडे कोण टाकणार आत? पावडर? मी तिथेच उभी असते ना तेव्हा, बटणापासून एका फुटावर! आणि धुऊन झालं की गाणं वाजवतं, पूर्ण, दोन कडवी असल्यासारखं, आणि दार तोवर उघडत नाही. मीही येडी, ते गाणं बंद करायला ॲप टाकलं, तर ॲपला माझे कॉन्टॅक्ट्स हवे. मशीन कुणाला फोन करणार आहे?

चार्जरचं तर बोलायलाच नको. २०२० मध्ये ॲपलने फोनच्या खोक्यातून चार्जर काढला, पर्यावरणासाठी, काहींनी आधी टिंगल केली आणि मग गुपचूप आपलाही काढला. पर्यावरण आमचं, बचत त्यांची. मग सगळ्यांना एकच केबल म्हणून सी टाईप आलं, युरोपात डिसेंबर २०२४ पासून फोनना सक्तीचं झालं, बरं वाटलं मला. पण आता ड्रॉवरमध्ये अकरा केबली आहेत, सगळ्या जुळ्या बहिणींसारख्या, एक लॅपटॉप चार्ज करते, एक फक्त फोन, एक डेटा नेते पण बैलगाडीने, आणि कुठली कुठली हे एकीवरही लिहिलेलं नाही. मी नेलपॉलिशने ठिपके दिलेत.

आणि बॅटरी. पूर्वी फोन पडला की तीन तुकडे व्हायचे, झाकण एकीकडे, बॅटरी एकीकडे, फोन कॉटखाली, जोडलं की चालू. गेल्या महिन्यात माझ्या फोनची बॅटरी फुगली, स्क्रीन एका कडेने उचलली गेली, दुरुस्तीला नेला तर काउंटरवरचा मुलगा फोनकडे न बघताच म्हणतो, मॅडम यात घालवण्यापेक्षा नवीन घ्या. अरे बघ तरी! युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून नियम येतोय की बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यायला हवी, पळवाटा त्यातही आहेतच. जे नखाने व्हायचं त्याला आता कायदा लागतोय. गाड्यांचंही तेच, सगळं टचस्क्रीनमध्ये कोंबून झाल्यावर गाड्यांना सुरक्षेचे गुण देणारं युरो एनकॅप २०२६ पासून म्हणतंय की इंडिकेटर, वायपर, हॉर्न असल्या गोष्टींना खरीखुरी बटणं नसतील तर पूर्ण गुण नाहीत. म्हणजे जगभरची मोठमोठी माणसं मिटिंगा घेऊन, अहवाल लिहून जिथे पोचतायत तिथे माझी आई रात्री अडीच वाजता झोपेत पोचली.

सकाळी मी ड्रॉवर उपसून साधा बल्ब शोधला आणि लावला. स्टुलावर चढून, पाच सेकंदांत नाही, पण लागला. हुशार साहेब आता त्या अकरा केबलींसोबत पडलेत. दुपारी ॲपची नोटिफिकेशन आली, 'बेडरूम लाईट बराच वेळ ऑफलाईन आहे, मदत हवी का?' रात्री कुठे होतास रे?

आई चहा पिता पिता एवढंच म्हणाली, "बरं झालं. आणि त्या गीझरचं काय करणारेस?"

गीझर. वायफायवाला. मीच मागवलाय, दहा दिवसांपूर्वी, रात्री दोन वाजता रिव्ह्यू बघून. खोकं अजून फोडलेलंसुद्धा नाही, दाराशी उभं आहे. परत करायची मुदत काल रात्री बाराला संपली.