साडेतीन तासांचे अंतर

मार्चच्या शेवटच्या रविवारी म्युनिकमध्ये आम्ही घड्याळे तासभर पुढे केली की सांगलीहून दादाचा संदेश ठरलेला: ‘असला पोरखेळ आपल्याकडे चालत नाही. एक देश, एक वेळ!’ मला राग येतो तो त्या ऐटीचा.

आपल्याकडची ही एक वेळ काही वेदकाळापासून चालत आलेली नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी तिला विरोध केला आणि तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ त्या शहराने १९५५ पर्यंत सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धात तर देशभरची घड्याळे तासभर पुढे सरकवली गेली होती. आसामच्या चहामळ्यांत तासभर पुढचा ‘बागान टाइम’ आजही चालतो, कारण तिथे जूनमध्ये साडेचारच्या आतच उजाडते. सांगलीत बसून हे कळावे कसे?

जर्मनीने १९१६ साली युद्धात कोळसा वाचवण्यासाठी उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यापुरती घड्याळे तासभर पुढे ठेवण्याची ही पद्धत, आणली. आज विजेची बचत नावापुरतीच होते, हे मी मान्य करतो. पण निदान इथे लोकांना विचारतात. २०१८ साली युरोपीय आयोगाने मते मागवली, तेव्हा ४६ लाख उत्तरे आली. त्यांतली तीस लाखांहून अधिक आमच्या जर्मनीतून होती (हे ‘आमच्या’ कधीपासून, असे दादा विचारीलच), आणि ८४ टक्के लोकांना घड्याळाची ही उलटापालट नको होती. २०१९ साली युरोपीय संसदेने ती २०२१ मध्ये कायमची बंद करण्याच्या बाजूने मतदान केले. त्यानंतर उन्हाळी वेळ कायम ठेवायची की हिवाळी, यावर देशांचे एकमत झाले नाही आणि प्रस्ताव तिथेच अडकला. ‘म्हणजे विचारतात आणि करत काहीच नाहीत,’ हे दादाचे उत्तर मला खोडता आलेले नाही.

माझे मत उन्हाळी वेळ कायम ठेवण्याच्या बाजूने आहे. तसे झाले तर डिसेंबरात इथे सूर्य नऊच्या सुमारास उगवेल आणि मुले काळोखात शाळा गाठतील, हे मला ठाऊक आहे, तरीही. एप्रिलमध्ये संध्याकाळी साडेपाचला मी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसतो तेव्हा सांगलीत नऊ वाजलेले असतात आणि आई फोनची वाट पाहत जागी असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे गेल्यावर त्याच गाडीतून फोन लावला की तिकडे दहा झालेले असतात, आणि फोन उचलून दादाच हळू आवाजात सांगतो, ‘आई झोपली रे.’