अठरा फूट आठ इंच

डेट्रॉइटच्या उपनगरात शाळा भाड्याने घेऊन गणपती बसतो आणि पार्किंगचे दहा डॉलर घेतात. त्याबद्दल तक्रार नाही, बाप्पाला जातात असं समजायचं. पण परवा नारिंगी जाकिटातल्या स्वयंसेवकाने माझ्या गाडीकडे पाहिलं, जमिनीवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोन जागा धरल्यात. वीस होतील."

गाडी म्हणजे १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो, दोन दारांची कूपे. लांबी २२४ इंच, म्हणजे अठरा फूट आठ इंच. इथली जागा साधारण अठरा फुटांची. आठ इंच शेपूट बाहेर राहिली, त्याचे दहा डॉलर. इंचाला सव्वा डॉलर! दादरलाही अजून इंचावर जागा विकत नाहीत. बरं, शेजारीच चार दारांचा पिकअप ट्रक उभा होता, चांगला २३१ इंचांचा. त्याला दहाच. का, तर "तो ट्रक आहे ना." ज्या गावाने जगाला कॅडिलॅक दिली, तिथे हे ऐकून घ्यायचं.

मी पाकीट काढत होतो तेवढ्यात मागून आवाज आला. "बंद पडलीय का?"

मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक काका. पायात मुलाने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट, हात पाठीमागे बांधलेले. सगळी नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपात झालेली, हे त्यांनी नाव सांगायच्या आधी सांगितलं.

"नाही, चालू आहे."

"मग लोक का जमलेत?"

लोक जमले नव्हते. ते दोघेच होते, काका आणि स्वयंसेवक. पण काकांनी चौकशी आयोग नेमला होता.

"इंजिन केवढं?"

"आठ पूर्णांक दोन लिटर."

"ट्रकचं बसवून घेतलंय?"

"कंपनीचंच आहे."

"आमच्या लाल डब्यालासुद्धा एवढं नव्हतं हो. टाटाचं पावणेसहा लिटरच्या आतलं. त्यात पन्नास माणसं, वर टपावर कोंबड्या." मग त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "आठ सिलिंडर ना? म्हणजे एकेक हजाराच्या वर गेलं."

"एक हजार चोवीस सीसी."

"माझी मारुती एटहंड्रेड अख्खी ७९६ ची. तिच्यातून आम्ही पाच जण महाबळेश्वरला गेलोय. म्हणजे तुमच्या एका सिलिंडरात माझी गाडी जाऊन वर सव्वादोनशे उरतात. त्या उरलेल्याचं काय करता?"

याला उत्तर नाही. मी नुसताच हसलो.

"आणि ताकद?"

या प्रश्नाला या गाड्यांचे सगळे मालक घसा खाकरतात. मीही खाकरला. "एकशे नव्वद घोडे."

काकांनी आधी इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दापोडीत एवढा डिझेलचोर कुणी पाहिला नसावा.

खरं तर हेच ५०० घनइंची इंजिन १९७० साली बाजारात आलं तेव्हा कंपनीच्या पत्रकात ४०० घोडे छापलेले होते. पण तेव्हा मोजायचे कसे? इंजिन बाकावर चढवायचं, अंगावरची ओझी उतरवायची, धूर सरळ सोडून द्यायचा आणि आकडा घ्यायचा. १९७१ ला जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी सिलिंडरातलं मिश्रण दाबायचं प्रमाण, म्हणजे कम्प्रेशन रेशो, खाली आणलं. १९७२ पासून सगळी उपकरणं जोडून मोजायची पद्धत आली आणि आकडा २३५ वर उतरला. पुढे धूर कमी करायचे उपाय आले, १९७५ ला धुरातले घातक वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि उरले १९०. हे सगळं मी समजावून सांगितलं.

"म्हणजे आधी ग्रॉस पगार सांगत होते, मग हातात पडणारा सांगायला लागले."

"बरोबर."

"आणि वर पगारकपातही केली."

एवढं नेमकं मला आजवर जमलेलं नाही. तरी राग आलाच.

कारण घोडे हा या गाडीला विचारायचा प्रश्नच नव्हे. विचारायचं ते पीळ, म्हणजे टॉर्क, किती आणि मिनिटाला किती फेऱ्या होताना. याचा सगळा पीळ २००० फेऱ्यांनाच हाताशी येतो, ४८८ न्यूटन मीटर. म्हणजे सिग्नलवर पायाचा अंगठा टेकवला की तेवीसशे किलोंहून जड गाडी आवाज न चढवता सरकते. गिअर बदलल्याचं कळत नाही. लहान इंजिन रेटून एवढंच काम करून घेता येतं, पण ते ओरडून सांगतं. इथे जोर वापरावाच लागत नाही आणि तो वापरावा लागत नाही याचेच लोक त्या काळी पैसे मोजत होते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, तीही हिला कधी जाचली नाही. हिला घाई नव्हतीच.

"देते किती?" आला. यायचाच होता.

"चार."

"चार काय?"

"किलोमीटर. हायवेला पाच."

"एलपीजी किट बसवा," काका लगेच म्हणाले. "डिकीत दोन टाक्या आरामात राहतील. पिंपरीत माझ्या ओळखीचा आहे."

मी बॉनेट उघडलं, विषय बदलावा म्हणून. आणि तिथे मात्र दापोडीचा माणूस गप्प झाला. हिची पुढची चाकं ओढतात. इंजिन गाडीच्या लांबीतच, त्याचा जोर तेलातून पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर त्याच्या मागे, तिथून दोन इंच रुंदीची साखळी ताकद बाजूला नेते आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या कुशीत, तोंड पुढे करून. ही मांडणी १९६६ च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोत आली, १९६७ ला एल्डोराडोत. मागे शाफ्ट जात नाही म्हणून आत फरशी सपाट. "साखळी तुटत नाही?" त्यांनी हळूच विचारलं. ही साखळी सहसा त्रास देत नाही. खरी धास्ती टायमिंगच्या चेनची, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप तालात ठेवणाऱ्या साखळीची. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन व्ही-एटना त्या साखळीच्या वरच्या, कॅमच्या चक्रावर आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचे दात दिलेले असत. ते वयाने कडक होऊन तुटतात, तुकडे ऑइल चेंबरमध्ये पडून पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिन तेलावाचून जातं. म्हणून जुनी गाडी घेतली की आधी पूर्ण लोखंडी सेट टाकायचा. आणि चेंबर उतरवून जाळी धुवायचीच. नुसता सेट बदलून समाधान मानणाऱ्यांचं इंजिन बसल्यावर गॅरेजवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

काका चालत मागे गेले आणि बंपर व मडगार्ड यांच्यामधल्या पट्टीवर त्यांनी बोट दाबलं. बोट आरपार गेलं. करडा चुरा पांढऱ्या बुटावर पडला.

"हे आधीच तुटलेलं होतं," काका म्हणाले.

होतंही. ताशी पाच मैलांच्या धक्क्याला दिव्यांसारखे सुरक्षेचे भाग शाबूत राहावेत असा सरकारी नियम आला, पुढच्या बंपरला १९७३ पासून आणि मागच्याला १९७४ पासून. म्हणून बंपर आत सरकून परत येणारे झाले. मधली फट झाकायला कॅडिलॅकने मऊ प्लॅस्टिकच्या पट्ट्या घातल्या. त्यातला मऊपणा उन्हाने उडून जातो आणि हात लावला की भुगा होतो. बदली फायबरग्लासच्या मिळतात, पण त्या वाकत नाहीत. घासून बसवाव्या लागतात, भोकं जुळत नाहीत आणि बंपर सरकला की रंगासकट तडकतात. लवचीक घेतल्या तर रंगात तो लवचीक ठेवणारं मिश्रण घालावं लागतं आणि रंगारी ते विसरतो. हजारो डॉलरची गाडी या चार बोटांच्या पट्टीपायी भंगारात काढलेली दिसते, याची चीड कुणाला येत नाही. चीड येते ती आठ इंचांची.

स्वयंसेवक अजून हात पुढे करून उभा होता. मी वीस दिले. त्या पिकअपवाल्याने जाता जाता अंगठा दाखवला, तोही सहन केला.

"आणि रस्त्यात बंद पडली तर?" काकांचं अजून संपलं नव्हतं.

"टो ट्रक बोलवायचा."

"धक्का?"

"ऑटोमॅटिक आहे काका. धक्क्याने सुरू होत नाही. आणि तेवीसशे किलोला धक्का मारणार कोण?"

काकांनी बुटावरचा चुरा झटकला. "मग आमची एसटी बरी. निदान पॅसेंजर तरी असतात."