हो आत्या, मी जिना पुसते

आज सकाळी व्हिडिओ कॉलवर आत्या म्हणाली, "मागे बादली कसली गं?" मी भोळेपणाने सांगून टाकलं, आज शनिवार, जिना पुसायची माझी पाळी आहे. झालं! "एम.टेक. करून जर्मनीत जिने पुसायला गेलीस होय?" आणि मागून आतोबांचं खो खो हसणं. फोन ठेवून तास झाला, डोकं अजून तडतडतंय, म्हणून इथे लिहितेय. आत्या फेसबुकवर आहे, वाचेल. वाचू दे.

स्टुटगार्टमध्ये 'केरवोखं' असते. वोखं म्हणजे आठवडा, आणि नावातच केर आहे, मराठी माणसाला पाठ करायची गरज नाही. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराची पाळी येते. छोटी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, मोठी म्हणजे तळघर, अंगण, बाहेरचा फुटपाथ आणि थंडीत बर्फसुद्धा. इथल्या राज्यकर्त्या काउंटने (म्हणजे सरदाराने) १४९२ साली फर्मान काढलं होतं की ज्याने त्याने आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. शहराने सक्तीचा नियम १९८८ मध्ये काढून टाकला, पण भाडेकरारातून आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यातून कोण काढणार?

सहा वर्षांपूर्वी, स्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागातल्या या घरात आल्यावर पंधरा दिवसांनी, दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. जुन्या वळणाची अक्षरं, कडेला फुलं. मला वाटलं, शेजाऱ्यांनी नव्या बिऱ्हाडाला भेट दिली! आत आणून गणपतीशेजारी ठेवली. दिवाळी होती, पणतीही लावली तिच्यासमोर. (हसा.) शनिवारी रात्री बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी, हातात झाडू. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. पाटी, पणती, गणपती. एक अक्षर बोलल्या नाहीत. ती पाटी म्हणजे 'या आठवड्यात पाळी तुमची' असा निरोप होता, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मला जिन्यात नेलं आणि दाखवलं: वरून खाली यायचं, पायपुसणं उचलून खालचं झाडायचं, कठडा पुसायचा. माझ्याकडे बादली नव्हती. त्यांनी त्यांची दिली.

आत्याला दिसली ती हीच बादली.

चिडण्याचं खरं कारण जिना नाहीच. सांगलीला विश्रामबागेत आमच्या बिल्डिंगचा जिना एक मावशी पुसायच्या. मी कॉलेजला जाताना ओल्या फरशीवरून चपला वाजवत उतरायचे. मावशी कडेला सरकून, पोचा हातात धरून उभ्या राहायच्या. त्या कुठे राहतात हे मी कधी विचारलं नाही. आणि गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरचा पोरगा चिखलाचे बूट घेऊन माझ्या नुकत्या पुसलेल्या पायऱ्यांवरून गेला तेव्हा मी मराठीत अशी काही शिवी हासडली, की आईने ऐकली असती तर... जाऊ दे. तो "हॅलो" म्हणून हसून गेला.

मान्य, इथे कामाला बाई ठेवणं परवडत नाही म्हणूनही पुसते. परवडलं असतं तर काय केलं असतं ते विचारू नका.

आणि आजी काही संत नाहीत. रविवारी दुपारी चटणीसाठी मिक्सर फिरवला, तर सोमवारी दाराला चिठ्ठी. रविवारी काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायला निघाले तर जिन्यातून परत पाठवलं, आवाज होतो म्हणे! चहाचा चोथा तपकिरी डब्यात आणि दुधाचा खोका पिवळ्यात, हे त्यांनी मला डब्याचं झाकण उघडून, अक्षरशः आत हात घालून शिकवलं. पहिलं वर्ष तर मी त्यांच्या दारावरून मांजरासारखी जायचे.

पण इतक्या वर्षांत ऑफिसमधलं कुणी माझ्या घरी आलंय? दोनदा, तेही तारीख ठरवून. बेल न वाजवता दारावर टकटक करतात त्या फक्त आजी. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांच्या पाळीचा जिनाही मीच पुसते. त्या पाटी मात्र स्वतःच्याच दारावर लावून घेतात, आणि मी पुसत असताना दार किलकिलं करून बघतात. एकदा बोट दाखवून म्हणाल्या, कोपरा राहिला. राहिलाच होता.

आत्या, मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून एकमेकांची भगिनी शहरं आहेत, हे तुला माहीत नसेल. मला तरी कुठे होतं? आजींनीच सांगितलं, पाटी परत न्यायला आल्या तेव्हा. मी सांगलीची म्हटलं, तर म्हणाल्या, मग मुंबईच्या जवळच की. मी हो म्हटलं.

बादलीतलं पाणी गार झालं. खालचं दार वाजलं, म्हणजे बघायला आल्या. जाते.