आरओ घ्या आणि गटाराची तहान भागवा

सोलापुरात राहता आणि घरात पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन नाही? कमाल आहे तुमची. गेल्या आठवड्यात टाय लावलेला एक पोरगा आमच्या घरी येऊन गेला, तेव्हापासून आमचं घर सुधारलंय. तुम्हीही सुधारावं म्हणून चार गोष्टी सांगतो.

विक्रेत्याला दुपारी बोलवा. घरात म्हातारी माणसंच असतील तर उत्तम. माझं दुर्दैव, मी त्या दिवशी सुट्टी टाकली होती. तो बॅगेतून एक डबी काढतो. डबीला खाली धातूच्या कांड्या असतात. मग दोन ग्लास मागतो, एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं आरओचं. डबीची वायर बोर्डात गेली की खेळ सुरू. आमच्या पाण्यावर आधी हिरवट फेस आला, मग काळपट-तांबडा गाळ तरंगायला लागला. त्याचं पाणी जसंच्या तसं. "आज्जी, हे जातंय रोज तुमच्या पोटात. डायरेक्ट किडनीला." आईने पदर तोंडाला लावला.

इथे एक गोष्ट चुकूनही करू नका. मी केली. स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या स्वच्छ पाण्यात टाकून ढवळलं आणि म्हटलं, "आता लाव." "सर, तसं करायचं नसतं." "लाव की बे." लावलं. तेही तांबडं! अहो, गाळ पाण्यात नव्हताच, तो कांडीतून येत होता. एक कांडी लोखंडाची, एक अ‍ॅल्युमिनियमची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज ग्लासात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, मग वीज वाहणार कशातून? जुलाब झाल्यावर डॉक्टर मीठ-साखरेचं पाणी देतात ना, ते ठेवा त्या डबीखाली, त्याचाही असाच चिखल होईल. पोराला तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. आणि आईचा निकाल? "त्याचं चांगलं पाणी तू मीठ टाकून नासवलंस." दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या पैशातून अ‍ॅडव्हान्स दिला.

टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा पाठ करा. शेजारी भेटला की बीपी-शुगरच्या आधी टीडीएस विचारा. भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतचं पाणी चांगलं धरलंय, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हटलंय, पण मानक लिहिणाऱ्यांना टाय कुठे असतो? त्या पेनासारख्या मीटरला फक्त विरघळलेले क्षार कळतात. कावीळ, टायफॉइड त्याला दिसत नाही, हे कुणाला सांगू नका. नळ चार-चार दिवस कोरडा राहतो, रिकाम्या पाइपात फटीतून गटाराचं पाणी शिरतं, आपली खरी भीती ती आहे. तिला उकळणं पुरतं, क्लोरीनचे थेंब पुरतात. पण उकळण्यात शान नाही. ज्यांच्याकडे बोअरचं मचूळ पाणी आहे, ज्यांच्या बादलीवर पांढरा थर धरतो, त्यांची गोष्ट वेगळी. ते हौसेने घेत नाहीत.

वॉरंटीचं कार्ड जपून ठेवा. फिल्टर आणि मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, सोडून सगळं त्यात बसतं.

मशीनने पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून टाकलं की तेच परत घालणारी मिनरलची नळकांडी जास्तीचे पैसे देऊन बसवा. त्यावर तांब्याचीही मिळते. आजोबांचा तांब्याचा हंडा मोड म्हणून गेल्या दिवाळीत विकलात, तेव्हा ही घ्याच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीनच्या मागून एक पातळ पांढरी नळी निघते. ती सिंकच्या खालच्या पाइपात खोचून द्या आणि विसरून जा. घरगुती मशीन एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. दिवसाला १५ लिटर प्यायला काढलं तर ४५ लिटर गटारात. पुढचं पाणी येईपर्यंत पाच दिवसांत सव्वादोनशे लिटर. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा, पण लवाद थोडाच आपल्या गल्लीत राहतो?

उजनी धरण इथून शंभरेक किलोमीटर लांब. तिथून पंपाने ढकलत आणलेलं पाणी, चावीवाला रात्री तीनला सोडतो म्हणून आपण गजर लावून उठतो, नळाला मोटार लावतो, शेजाऱ्याच्या वाटचंही खेचतो, हौद भरला की वरची टाकी, टाकी भरली की घागरी, पातेली, कुकरसुद्धा, आणि मग दिवसभर त्यातलं तीन हिस्से टिप टिप करत गटारात! एप्रिलमध्ये पारा बेचाळीसवर गेला की हेच लोक रिकामी घागर रस्त्यात मांडून घोषणा देणार. लाज वाटत नाही?

बस्स झालं मार्गदर्शन. ती नळी सिंकमधून काढा आणि खाली बादली ठेवा. ते पाणी प्यायचं नाही, झाडांनाही रोज घालू नका, पण संडासात ओतायला, फरशी पुसायला, पायऱ्या धुवायला काय धाड भरलीय? दोन हात नळी जास्त लागेल, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आमच्या घरी बसवली, आईनेच कटकट करून बसवून घेतली. आणि वरच्या मजल्यावरचे साहेब, टाकी संपली म्हणून परवा तुम्ही माझ्याकडून दोन बादल्या नेल्यात, तेव्हाही तुमच्या बाल्कनीच्या पाइपातून धार चालूच होती. पुढच्या वेळी बादली घेऊन याल तेव्हा आधी मला वर नेऊन तुमची नळी दाखवा, मगच पाणी मागा.